विहिरीचें पाणी कोणाचें?

आमच्या जुन्या घराच्या मागल्या अंगणांत एक विहीर आहे. आजोबांनीं ती ज्या वर्षीं बांधविली त्या वर्षाचा शक काठावरील दगडावर कोरलेला आहे. आतां तो बोटांनीं चांचपूनच वाचावा लागतो. पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यांत, जेथें पाऊस उशिरां येतो आणि लौकर निघून जातो, तेथें सात परस खोल विहिरीस बारमाही पाणी असणें ही घराण्याची एक प्रतिष्ठाच समजली जात असे. सोयरीक जुळवितांना पाहुणे माजघर पाहून झाल्यावर हळूच विहिरींत डोकावत, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

२०२४ च्या वैशाखांत ही विहीर अकरा दिवस कोरडी पडली. आदल्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता, आणि सरकारनें ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत आमचाहि होता, हें खरें. परंतु १९७२ च्या दुष्काळांतसुद्धां विहिरीच्या तळाशीं घागर बुडण्याइतकें पाणी होतें. तेव्हां सारा दोष पावसाच्या माथीं मारून मोकळें होण्याची सोय मला नव्हती, आणि दुसरें कारण शोधण्यास गांवाबाहेर जावें लागलें नाहीं. घरापासून तीनशें पावलांवर, आमच्याच मळ्यांत, माझ्या पुतण्यानें डाळिंबाच्या बागेसाठीं चारशें फूट खोल विंधनविहीर घेतली आहे. तिचा पंप रात्रीं वीज आली कीं आपोआप सुरू होतो आणि वीज जाईपर्यंत चालतो. मळ्याला लागून ज्यांचें शेत आहे त्या तात्यांची विहीर तर माघांतच आटली होती. तात्या माझ्याहून वयानें वडील. एके सकाळीं ते ओसरीवर येऊन बसले, चहा घेतला, आणि उठतांना एवढेंच म्हणाले, “मास्तर, तुमच्या बोरानं आमची हीर पिली.” त्यांच्या स्वरांत राग असता तर मला कांहीं तरी उत्तर देतां आलें असतें.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं हा विषय काढला. आमचें कुटुंब अजून एकत्र आहे. चूल एकच, म्हणून भांडणहि एकाच ठिकाणीं होतें. पुतण्या शेतकीचा पदवीधर, मेहनती, निर्व्यसनी. घरच्या खर्चाचा निम्मा भार त्या सहा एकर बागेवर आहे हें मी विसरत नाहीं. तो शांतपणें म्हणाला, “काका, आपल्या जमिनीखालचं पाणी आपलं नाही तर कोणाचं?” त्याची पत्नी पानें उचलीत होती. ती म्हणाली, “आणि आपल्या विहिरीतलं कोणी नेलं?” त्यावर सगळेच गप्प बसले.

पुतण्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. कायदा बऱ्याच अंशीं त्याच्या बाजूचा आहे. १८८२ सालीं इंग्रज सरकारनें केलेला ईझमेंटचा कायदा आपल्या हद्दीच्या आंत, भूमीखालीं असलेलें आणि ठरीव पात्रांतून न वाहणारें पाणी गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमिनीच्या मालकास देतो. मात्र तो कायदा झाला तेव्हां पाणी उपसण्याचें साधन मोट हें होतें. बैलजोडी कितीहि राबली तरी तिचा दम संपे, नाडा झिजे, मोटेचें चामडें फाटे, आणि रात्रभरांत विहिरीचे झरे पुन्हां भरून येत. बैलांचा दम हीच त्या काळची खरी मर्यादा. ती कायद्यांत लिहिण्याची गरज कोणास भासली नाहीं. पाण्यांत बुडून चालणाऱ्या विजेच्या पंपास दम लागत नाहीं. मर्यादा गेली, हक्क तेवढा उरला.

शिवाय पाणी सातबाऱ्याची हद्द ओळखत नाहीं. आपल्या राज्याचे शंभरांपैकीं सुमारें ऐंशीं हिस्से काळ्या पाषाणावर वसले आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या सुमारास लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा खडक झाला. वरचा झिजलेला मुरूम, खडकाच्या भेगा आणि दोन थरांमधल्या फटी एवढींच त्याचीं पाणी धरण्याचीं ठिकाणें. पावसाच्या शंभर घागरींतील दहा-बारा खालीं उतरल्या तर पुष्कळ झालें. गंगा-यमुनेच्या मैदानांत शेंकडों फूट गाळ आहे, तेथें खोल गेल्यानें पाणी वाढतें. आपल्याकडे खोल जाणें म्हणजे पुष्कळदां वरच्या विहिरींना पोसणाऱ्या भेगेला खालून भोंक पाडणें होय.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्यायच ह्या विषयावर लिहिला आहे. मनुष्याच्या अंगांत जशा शिरा असतात तशा भूमींत जलाच्या शिरा असतात, कांहीं उथळ, कांहीं खोल, असें तो सांगतो. आणि कोणत्या वृक्षाजवळ, कोणत्या वारुळाजवळ किती पुरुष खोदलें असतां पाणी लागेल ह्याचे ठोकताळे देतो. हल्लीं त्या अध्यायांत सगळें आधुनिक भूजलशास्त्र वाचणारे उत्साही गृहस्थ भेटतात. माझा तसा आग्रह नाहीं. वारुळाचे ठोकताळे मीं आमच्या माळावर पडताळून पाहिले आणि तीनांपैकीं दोन वेळां फसलों. शिरेची उपमा मात्र मला सोडवत नाहीं. शीर कापली आमच्या मळ्यांत, आणि रक्त गेलें तात्यांच्या शेतांतलें.

हल्लीं सर्वत्र “शाश्वत विकास” हा शब्द ऐकूं येतो. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं २०३० पर्यंत गांठावयाचीं सतरा उद्दिष्टें ठरविलीं, त्यांतील सहावें पाण्याचें व स्वच्छतेचें आहे. भारत सरकारनेंहि त्यांस मान्यता दिली आहे. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावतां आजच्या गरजा भागविणें, ही त्या शब्दाची व्याख्या १९८७ च्या ब्रंटलंड आयोगापासून रूढ झाली. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास तो शब्द थोडा खटकतो. शाश्वत म्हणजे सदैव टिकणारें. आणि मनुष्याच्या हातून शाश्वत असें काय होतें? आपला जुना “योगक्षेम” शब्द मला अधिक नेमका वाटतो. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. कौटिल्य नवें तळें किंवा बंधारा बांधणाऱ्यास पांच वर्षांची, मोडलेला दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षांची आणि झाडोऱ्यानें भरलेला साफ करणाऱ्यास तीन वर्षांची करमाफी सांगतो. म्हणजे राखणाऱ्यासहि तो बांधणाऱ्याच्या जवळजवळ बरोबरीनें मोजतो. आमच्याकडे योगाच्या योजना उदंड झाल्या. क्षेमाचें खातें बहुधा कोरेंच राहिलें.

माझ्या पिढीस हा धडा शाळेबाहेर मिळाला. १९७२ सालीं मी बारा वर्षांचा होतों. गांवाबाहेर खडी फोडण्याचें काम निघालें होतें; दुपारीं मजुरांच्या मुलांबाळांस सुकडी वाटीत, आणि रेशनवर परदेशांतून आलेला तांबडा मिलो मिळे, त्याच्या भाकरीचा वास अजून माझ्या नाकांत आहे. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. त्या अनुभवांतून रोजगार हमीची योजना पक्की झाली. १९७७ सालीं विधिमंडळानें तिचा कायदा केला, आणि २००५ सालीं संसदेनें सबंध देशासाठीं जो रोजगार हमीचा कायदा केला त्यासहि महाराष्ट्राचाच कित्ता होता. सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणारांस मी हें नेहमीं ऐकवितों. आमच्या गांवचा पाझर तलाव त्याच कामांतून झाला; तात्यांनीं ऐन तारुण्यांत त्याच्या भिंतीवर पाट्या टाकल्या आहेत. पण तलाव झाल्यावर त्याचा गाळ कोणीं काढावयाचा आणि त्याखालच्या विहिरींनीं किती उपसावयाचें, हें ठरविण्याचें काम मात्र कोणाच्याच वांट्यास आलें नाहीं. वीस वर्षांत तलाव अर्धा भरला, तोहि गाळानें.

हें न ठरविलेलें काम ज्यांनीं ठरविलें ते आमच्याच तालुक्यांत होऊन गेले. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळांत ते इकडील कामें पाहण्यास आले, आणि हजारों हात दगड फोडीत आहेत पण पुढच्या पावसाचें पाणी अडविण्याचा विचार त्या मानानें होत नाहीं, हें पाहून अस्वस्थ झाले. १९७४ सालीं त्यांनीं ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलें; पत्नी कल्पनाताई यांच्यासह नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घेतली आणि तेथेंच प्रयोग मांडला. उतारावर बांध, पायथ्याशीं लहान पाझर तलाव, तलावाखालीं विहीर, आणि विहिरीचें पाणी पंपानें पुन्हां वरच्या शेतांत. इतका भाग कोणाहि हुशार अभियंत्यास सुचला असता. त्यापुढें त्यांनीं जें केलें तें अभियांत्रिकीच्या पुस्तकांत नाहीं. पाणी वांटण्याचे नियम त्यांनीं लोकांबरोबर बसून ठरविले, आणि त्या व्यवस्थेस पाणी पंचायत हें नांव पडलें.

ते नियम मी येथें सविस्तर देतों, कारण त्यांतील एकेक कलम म्हणजे एकेक जुन्या समजुतीवर घाव आहे. पाणी एकट्यादुकट्यास नाहीं, मंडळास. हिस्सा जमिनीच्या मानानें नाहीं, माणसांच्या मानानें: माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नाहीं. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर न जातां मंडळाकडे परत येतें. ज्यास जमीन नाहीं त्यासहि पाण्यांत हिस्सा आहे. ऊस लावावयाचा नाहीं. भांडवलाचा पांचवा हिस्सा घेणारांनीं स्वतः घालावयाचा; निम्मा सरकारकडून, आणि उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जांतून. पाणी सोडण्यास मंडळाचाच पाटकरी. मी नवशिका शिक्षक असतांना मुलांना घेऊन तेथें गेलों होतों. मुलांनीं हरभरे खाल्ले आणि परत आलीं. मी मात्र घरीं येऊन पाटीवर हिशेब मांडला. आमच्या त्या वेळच्या चौदा माणसांच्या कुटुंबास त्या नियमानें मिळालें असतें अडीच एकरांचें पाणी, आणि तात्यांच्या पांच माणसांसहि तितकेंच. त्या वेळीं मला हा हिशेब गंमतीचा वाटला होता.

साळुंखे २००२ सालीं निवर्तले. त्यांच्या सर्वच योजना पुढें टिकल्या नाहींत, आणि त्यांचे नियम राज्याचा कायदा तर कधींच झाले नाहींत. ज्या प्रांतांत उसावर निवडणुका लढल्या जातात तेथें ऊस वर्ज्य करणारा नियम कोण उचलणार? तरीहि बी वायां गेलें नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. तेथील पाऊस आमच्याहूनहि कमी. राज्याच्या आदर्श गांव योजनेंतून आणि श्रमदानांतून त्यांनीं डोंगरावर चर खणले, बंधारे घातले. एवढें पुष्कळ गांवांनीं केलें आहे. हिवरे बाजारानें त्याबरोबर शेतीसाठीं विंधनविहिरी बंद ठेवल्या, ऊस आणि केळी नाकारलीं, मोकाट चराई थांबविली, आणि दर वर्षीं पाऊस मोजून ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रघात पाडला: पाऊस इतका पडला, पिण्यास इतका ठेवावयाचा, उरल्यांत अमुक पीक घ्यावयाचें, अमुक नाहीं. पवारांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली. पाहुणे मोटारी भरभरून तेथें जातात, टेकडीवरचीं झाडें पाहतात, छायाचित्रें काढतात. आमच्या गांवचीहि एक गाडी गेली होती. परत आल्यावर चरांची चर्चा झाली. विंधनविहिरींचा उल्लेख कोणीं केला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मींहि केला नाहीं.

आतां सरकारांविषयीं. भारत हा जगांत सर्वांत अधिक भूजल उपसणारा देश आहे. दर वर्षीं सुमारें २४० ते २५० अब्ज घनमीटर पाणी आपण भूमींतून काढतों, आणि त्याचे शंभरांतील पंचाऐंशींहून अधिक हिस्से शेतीस जातात. हें दिल्लीस कळत नाहीं असें नाहीं. केंद्र सरकारनें २०१९ च्या डिसेंबरांत अटल भूजल योजना सुरू केली. सहा हजार कोटी रुपयांची, निम्मी रक्कम जागतिक बँकेच्या कर्जाची, आणि महाराष्ट्रासह सात राज्यांसाठीं. तिचा विशेष मला आवडला: पैसा नुसत्या बांधकामास न देतां, ग्रामपंचायतीनें लोकांकडून पाण्याचा ताळेबंद व आराखडा करवून घ्यावा आणि परिणाम दिसेल तसा पैसा मिळावा, अशी तिची रचना होती. त्याच वर्षीं १५ ऑगस्टास जल जीवन मिशन जाहीर झालें. प्रत्येक खेड्यांतील घरीं नळ आणि माणशीं रोज ५५ लिटर पाणी. त्या वेळीं देशांतील सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता, पुढें ती संख्या पंधरा कोटींच्या वर गेली. हा आंकडा लहान नाहीं. डोईवरचा हंडा उतरलेल्या बायकांस त्याचें मोल विचारावें. परंतु आमच्या नळाचें पाणी ज्या विहिरींतून येतें तीहि ह्याच काळ्या खडकांत आहे. नळ नवा, झरा जुनाच.

राज्याची जलयुक्त शिवार योजना २०१४ च्या अखेरीस निघाली. तिच्यावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला, आणि भूजलाची पातळी वाढविण्यांत तिचा परिणाम अल्पच दिसला, असा शेरा महालेखापरीक्षकांनीं २०२० च्या अहवालांत मारला. त्याच काळांत पानी फाउंडेशनच्या स्पर्धेंत २०१६ पासून चार उन्हाळे गांवोगांव लोकांनीं फावडीं हातीं घेतलीं. पहाटे दिवट्या लावून चर खणणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी होते, त्यांचा मला अभिमान वाटतो. सरकारी पैसा आणि लोकांचा घाम, दोहोंनीं पाणी जमिनींत घातलें. तें किती काढावें, ह्या प्रश्नाशीं आलें कीं दोघांचीहि वाचा बसते. कायदा अगदींच नाहीं असें नव्हे. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास बंदी केली. २००९ चा भूजलाचा कायदा २०१४ पासून लागू झाला, आणि अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटरांहून, म्हणजे सुमारें दोनशें फुटांहून, खोल विंधनविहिरीस त्यानें मनाई केली. पण दोनशें फुटांवर यंत्र थांबवावयास कोण उभा राहतो? रात्रीं गाडी येते आणि उजाडण्यापूर्वीं निघून जाते. भरीस भर म्हणून २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत केली. शेतकऱ्याची ओढाताण मी घरांत पाहतों, त्यास मिळालेल्या सवलतीचा मला मत्सर नाहीं. मात्र बैलांच्या दमानंतर वीजबिल ही एक उरलीसुरली मर्यादा होती, तीहि गेली.

सेवानिवृत्त झाल्यावर, २०१८ च्या दिवाळीपासून, मीं एक वही घातली आहे. दर अमावास्येस आणि पौर्णिमेस सकाळीं, पाणी शेंदण्यापूर्वीं, विहिरींत दोरी सोडतों. दोरीस फुटाफुटावर गांठ आणि टोंकाशीं पितळेचा जुना गडवा. गडवा पाण्यास टेकतांच आवाज येतो. कोरड्या दोरीच्या गांठी मोजल्या कीं काम झालें. सोबत अंगणांतील पर्जन्यमापकाचा आंकडा. ह्यास शिक्षण लागत नाहीं. माझी नऊ वर्षांची नात माझ्याहून नीट मोजते. विहीर कोरडी पडल्यानंतर मीं वहींत एक रकाना वाढविला: मळ्यांतला पंप किती तास चालला. पुढच्या फाल्गुनांत पुतण्याला विनंती करून आठ दिवस पंप बंद ठेवविला. आमच्या विहिरीचें पाणी दीड फूट चढलें. तात्यांच्या कोरड्या तळाशीं ओल आली आणि सातव्या दिवशीं गुडघाभर पाणी झालें. नवव्या दिवशीं पंप लागला, तिसऱ्या रात्रीं तें गेलें. हे आंकडे मीं माजघरांत सर्वांसमोर वाचून दाखविले. पुतण्यानें वाद घातला नाहीं. “आठ दिवसांत बागेची फुलं गळली, काका, तीही मोजली असती तर बरं झालं असतं,” इतकेंच तो म्हणाला. त्याचें म्हणणें योग्य होतें. तो रकाना मीं ठेवलाच नव्हता.

त्याच्या मनांत प्लास्टिकचा कागद अंथरलेलें मोठें शेततळें घेण्याचें होतें. सरकारी अनुदान मिळतें. योजनेचा हेतु पावसाचें वाहतें पाणी सांठविण्याचा. पण प्रत्यक्षांत कितीएक ठिकाणीं तीं तळीं विंधनविहिरीच्या पाण्यानेंच भरून ठेवतात, म्हणजे जमिनीखालीं सर्वांचें असलेलें पाणी जमिनीवर एकाच्या कुंपणांत येतें आणि निम्में उन्हानें उडून जातें. शेततळ्याचा अर्ज अजून त्याच्या कपाटांत आहे. बागेच्या कर्जाचे तीन हप्ते बाकी आहेत, हेंहि येथें सांगितलें पाहिजे, नाहींतर वाचक त्याच्यावर अन्याय करतील.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत मीं वही घेऊन गेलों आणि गांवाच्या सर्व विहिरी अशाच मोजाव्या, आंकडे चावडीच्या फळ्यावर लिहावे, आणि कार्तिकांत पेरणी ठरण्यापूर्वीं ते सभेपुढें यावे, अशी सूचना मांडली. पाठीमागून एक तरुण आवाज आला, “मास्तर, आधी घरचं बोर बंद करा, मग आमच्या विहिरी मोजा.” लोक हसले. मीं खालीं बसण्यापूर्वीं पुतण्या उठला आणि म्हणाला कीं, माघापासून जेष्ठापर्यंत आमचा पंप एक रात्र आड चालेल, आणि किती तास चालला तें फळ्यावर लिहिलें जाईल. हें त्यानें घरीं कोणास सांगितलें नव्हतें. सभेनें ठराव केला नाहीं. अकरा विहिरींच्या मालकांनीं मात्र नांवें दिलीं, त्यांत तात्या पहिले. तें आवाज टाकणारें पोर अद्याप आलेलें नाहीं.

मागल्या पौर्णिमेस आमच्या विहिरींत एकोणीस गांठी कोरड्या होत्या. काल रात्रीं पुतण्यानें मजजवळून वही मागून नेली; एक रकाना आंखावयाचा आहे म्हणाला, फुलांचा.